सिस्टर शालन आणि स्टॅटची टोकनं

माणसाचा जीव एखाद्या शब्दावर जडावा आणि तो शब्दही लॅटिन निघावा, हे जरा विचित्रच. पण शालनताई बोरगावकरांच्या बाबतीत तसं झालं खरं. शब्द इवलासा, स्टॅट. डॉक्टर केसपेपरवर औषधाचं नाव लिहितो आणि शेवटी हा शब्द टाकतो. टाकला की त्याचा अर्थ, आत्ता. चहा झाल्यावर नाही, फार्मसीची ट्रॉली येईल तेव्हा नाही, आत्ता.

हा शब्द त्यांना भेटला मिरजेला, नर्सिंगच्या पहिल्या वर्षी. विभाबाई नावाच्या एक ट्यूटर होत्या, उंची जेमतेम पाच फूट, आवाज मात्र दोन मजले ओलांडणारा. त्यांनी फळ्यावर आख्खा शब्द लिहिला, स्टॅटिम. "रोमन लोकांचा शब्द आहे हा. उभं राहणं, त्यातून आलेला. म्हणजे जिथं उभी आहेस तिथूनच निघायचं, तिथल्या तिथं. हा शब्द वाचूनसुद्धा जी खुर्चीत बसलेली दिसेल तिनं उद्यापासून येऊ नये." बाकीची लॅटिन मंडळी तशी सभ्य होती. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, एसओएस म्हणजे गरज लागली तर. त्यांना थांबायला वेळ होता. स्टॅटला नव्हता, आणि अठरा वर्षांच्या शालनला नेमकं तेच आवडलं.

पुढे लग्न झालं ते सदाशिवरावांशी, बँकेत अधिकारी. गृहस्थ भला, पण दाढीला पाऊण तास लावणारा. तीन वर्षांसाठी म्हणून त्यांची जयपूरला बदली झाली, आणि ती तीन वर्षं आता बत्तीस झाली आहेत. शास्त्री नगरात घर झालं, जवळच एका ट्रस्टच्या रुग्णालयात शालनताईंना नोकरी लागली, आणि पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डाच्या त्या हळूहळू इनचार्ज सिस्टर झाल्या. बत्तीस खाटा, त्यांच्याभोवती रोग्यांचं गणगोत, आणि मधोमध टेबलाशी उभ्या असलेल्या शालनताई. बसलेल्या त्यांना फारसं कुणी पाहिलेलं नाही.

आता या शब्दाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच आहे. फार्मसीतून औषध यायला लागायचा तास, दीड तास. मग एका हुशार डॉक्टरनं साध्या खोकल्याच्या औषधापुढे स्टॅट लिहिलं. ते लवकर आलं. दुसऱ्यानं पाहिलं, त्यानं व्हिटॅमिनच्या गोळीपुढे लिहिलं. होता होता अशी वेळ आली की दिवसाच्या पन्नास ऑर्डरींपैकी चाळीस स्टॅट! फार्मसीवाले काय करणार? त्यांनी त्या शब्दाकडे कानाडोळा करायला सुरुवात केली. चाळीस जणांना एकाच वेळी पहिलं कसं ठेवणार? मग डॉक्टर दोन वेळा स्टॅट लिहू लागले, खाली लाल रेघा मारू लागले. एकानं तर उद्गारचिन्हांची रांगच लावली. शालनताईंच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. स्टॅट लिहिलेली जुलाबाची गोळी त्यांनी एकदा वॉर्डभर मिरवली होती.

उपाय सापडला तो सदाशिवरावांच्या कपाटात. पूर्वी बँकेत पैसे घ्यायला गेलं की पितळी टोकन मिळायचं, आकडा कोरलेलं, ते आठवत असेल. संगणक आल्यावर ती टोकनं भंगारात निघाली तेव्हा सदाशिवरावांनी त्यातली पिशवीभर आठवण म्हणून घरी आणली होती. शालनताईंनी ती चिंचेनं घासली आणि वॉर्डात नेली. नियम सोपा. प्रत्येक डॉक्टरला ड्युटीला आल्यावर दोन टोकनं. स्टॅट लिहायचं तर एक टोकन टेबलावरच्या स्टीलच्या वाटीत टाकायचं. संपली की संपली. आणि वाटीत टोकन वाजलं की सिस्टरनं स्वतः फार्मसीत जायचं आणि औषध घेऊनच यायचं.

पहिल्या आठवड्यात चेष्टा झाली. डॉक्टर अनिमेष म्हणाले, "सिस्टर, बँक कब खोली?" पण महिन्याभरात चमत्कार झाला. स्टॅटच्या ऑर्डरी दिवसाला सहा-सातवर आल्या, आणि आलेली प्रत्येक दहा मिनिटांत दिली जाऊ लागली. वाटीत पितळ वाजलं की खाटांवरचे रोगीसुद्धा मान वर करून बघायचे. शब्दाला पुन्हा वजन आलं. वर्षभरानं ही गोष्ट अधीक्षकांच्या कानावर गेली. सगळ्या वॉर्डांत ही पद्धत सुरू करायची आणि मे महिन्यात परिचारिका दिनाला शालनताईंचा सत्कार करायचा, असं ठरलं. सप्टेंबरात त्या निवृत्त होणार होत्या. चौतीस वर्षांनी कुणीतरी स्टेजवर बोलावणार, याचा त्यांना आनंद झाला होता, आणि तो त्या लपवतही नव्हत्या. साडी कुठली नेसायची यावर घरी दोनदा चर्चा झाली होती.

एक गोष्ट मात्र मधल्या मध्ये गळून पडली. पहिल्या तुकडीला शालनताईंनी बजावलं होतं, "तिसरी वेळ खरंच आली तर टोकन गेलं खड्ड्यात, मला हाक मारायची." पण इंटर्न दर दोन महिन्यांनी बदलतात. जुन्यानं नव्याला सांगायचं, नव्यानं त्याच्या पुढच्याला. सांगता सांगता 'दोन टोकनं' एवढंच उरलं आणि 'हाक मारायची' हे वाटेत सांडलं. शालनताईंनाही पुन्हा सांगायचं सुचलं नाही. पद्धत चालली होती ना, मग झालं.

मार्चमधल्या एका गुरुवारी झोटवाड्याहून भंवरलाल नावाचा माणूस दाखल झाला. लेथवर काम करणारा, चाळिशीचा, मधुमेहाचा. पायाला पत्र्याचा तुकडा लागून जखम चिघळली होती. बायको संतोष बरोबर होती. तिनं तीन दिवस हळद लावली होती, गल्लीतल्या कंपाउंडरच्या गोळ्या दिल्या होत्या. दाखल करून घेतानाच एका डॉक्टरनं तिला सुनावलं, "लाने में देर कर दी."

त्या दिवशी ड्युटीला होती इंटर्न ऋचा. दुर्गापुऱ्याला राहणारी, वडील विमा कंपनीत, घर मराठी, पण जन्म जयपूरचाच. मराठी बोलताना ती दर वाक्यात एकदा अडायची, पण शालनताईंशी हट्टानं मराठीतच बोलायची आणि त्यांना काकू म्हणायची. पोर गुणी, पण भिडस्त. तिचं पहिलं टोकन सकाळी दम्याच्या एका म्हाताऱ्यासाठी गेलं, ते योग्यच होतं. दुसरं गेलं एका ट्रस्टीच्या मेव्हण्याच्या गॅसेसवर. मेव्हण्याचा मुलगा मोठ्यानं बोलत होता आणि ऋचाला नाही म्हणता आलं नाही.

दुपारी पावणेदोनला ती भंवरलालकडे गेली. त्याला थंडी वाजत होती, ताप चढत होता. तिनं आधीचं अँटिबायोटिक बदलून जास्त ताकदीचं इंजेक्शन लिहिलं. पेन क्षणभर थांबलं असावं. मग ती टेबलाशी आली.

"काकू, वो नऊ नंबर... मतलब, मला वाटतं की त्याचं जरा..."

शालनताई रजिस्टर भरत होत्या. त्यांनी वाटीकडे पाहिलं, ऋचाकडे पाहिलं, आणि हसून म्हणाल्या, "दोन्ही उधळलीस ना गं? मेव्हण्याच्या पोटावर? मग आता बस हात चोळत."

थट्टाच होती. मायेची होती. शेजारच्या दोघी नर्सेस हसल्या, ऋचाही हसली आणि निघून गेली. केसपेपरवर स्टॅट आलं नाही.

पंधरा मिनिटांनी शालनताई स्वतः नऊ नंबरपाशी गेल्या. भंवरलाल कुडकुडत होता. त्यांनी दुसरं पांघरूण घातलं आणि केसपेपर पाहिला. चौतीस वर्षं ताप पाहिलेले त्यांचे डोळे म्हणत होते, हे बरं दिसत नाही. पण कागदावर तो शब्द नव्हता. घाई असती तर लिहिलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. आपण या शब्दाला एवढी शिस्त लावली आहे, तो नाही म्हणजे नाहीच! त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. संतोषनं मागून विचारलं, "सिस्टर जी, सुई कब लगेगी?" "आएगी, ट्रॉली में आएगी," त्या म्हणाल्या.

ट्रॉली चार वाजता आली. इंजेक्शन गेलं चार वाजून पाच मिनिटांनी. तोवर भंवरलालचं ब्लडप्रेशर कोसळलं होतं, तो बायकोला ओळखत नव्हता. साडेचारला त्याला आयसीयूत हलवलं.

तो वाचला, हे इथंच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता, आणि उजव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. ती दोन तासांच्या उशिरानं गेली की तीन दिवसांच्या, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. आयसीयूतल्या डॉक्टरांनी संतोषला मात्र पुन्हा तेच सांगितलं, लाने में देर कर दी. त्यांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली. केसपेपर समोर होता, ऑर्डर एक पंचेचाळीस, औषध चार पाच, स्टॅट नाही. दोष सरळ ऋचाकडे जात होता. इंटर्नशिप तीन महिने वाढवावी, असं एक सदस्य म्हणाले. तीन महिने म्हणजे पुढच्या प्रवेशाचं आख्खं वर्ष बुडालं. अधीक्षकांनी ऋचाला विचारलं, "तुम्हें लगा नहीं कि अर्जेंट है?" ती मान खाली घालून म्हणाली, "लगा था, सर. गलती हो गई." टेबलाशी झालेलं बोलणं तिनं सांगितलं नाही. मग शालनताईंकडे वळून त्यांनी विचारलं, "सिस्टर, आपको कुछ कहना है?" आणि शालनताई म्हणाल्या, "नहीं सर."

का म्हणाल्या? मी त्यांची बाजू घेणार नाही, पण त्यांना वाईटही म्हणणार नाही. आयुष्यभर जिच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही अशा बाईला स्वतःकडे बोट दाखवायला सांगितलं की हात उचलत नाही, इतकंच. शिवाय मे महिना जवळ आला होता. पुढची सुनावणी संतोषचा जबाब घेऊन, भंवरलाल सावरल्यावर ठरली.

मधले दिवस त्यांनी कसे काढले ते सदाशिवरावांना विचारा. बाई घरात फिरत होती, पण भाजीत मीठ दोनदा पडत होतं. रोज ड्युटी संपली की त्या आयसीयूबाहेरच्या बाकापाशी जायच्या, संतोषला चहा नेऊन द्यायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला संतोषची सासू बसलेली असायची, तोंड फिरवून. ती चहा घ्यायची नाही. शालनताईंना वाटायचं, म्हातारीचा उपास असेल.

अकराव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. सदाशिवराव शेंगा सोलत होते, ते सोलतच राहिले.

"तिनं सांगितलं नाही तुझं नाव?"

"नाही ना. तेच तर."

"आणि तुला कुणी विचारलं नाही."

"विचारलं. कुछ कहना है, असं विचारलं."

सदाशिवरावांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "शालन, मी सावकाश माणूस आहे. मला कुठलीही गोष्ट पटायला वेळ लागतो. पण तू सांगून टाकायला हवं, हे मला ऐकताऐकताच पटलं. सत्काराचं जाऊ दे. तुझ्या साड्या मला सगळ्या सारख्याच दिसतात."

त्या रडल्या आणि हसल्याही. मग म्हणाल्या, "अहो, पण लोक काय म्हणतील?" त्यावर ते म्हणाले, "म्हणतील की शालन सिस्टर चुकल्या. तू बरोबर असताना तुला काय म्हणायचे, ते कधी सांगितलं नाही मी तुला."

दुसऱ्या दिवशी समितीसमोर त्या उभ्याच राहिल्या. अधीक्षकांनी खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत. "सर, ये लड़की मेरे पास आई थी. बोलने ही वाली थी. मैंने मज़ाक किया और ये चुप हो गई. बाद में मैंने खुद पेशंट देखा. मेरी आँख को दिख रहा था. मैंने आँख की नहीं सुनी, काग़ज़ देखा. टोकन का नियम मेरा है. तीसरी बार हो तो आवाज़ देना, ये मैंने इसको कभी बताया ही नहीं." ऋचानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि शालनताईंना ते पाहवेना.

निकाल व्हायचा तो झाला. ऋचाला लेखी ताकीद मिळाली, पण वर्ष वाचलं. शालनताईंच्या सेवापुस्तकात ठपक्याची पहिली आणि शेवटची नोंद झाली, वॉर्डचा चार्ज दुसऱ्या सिस्टरकडे गेला. सत्काराबद्दल कुणी बोललं नाही, म्हणजे तो रद्द झाला हे समजायचं. टोकनं बंद झाली. डॉक्टर अनिमेष दारात थांबून म्हणाले, "सिस्टर, चीज़ अच्छी थी." त्या नुसत्या "हूं" म्हणाल्या.

त्या दिवशी समितीच्या खोलीतून बाहेर पडताना शालनताईंना मोठं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. चला, सांगून टाकलं एकदाचं. त्याच तंद्रीत त्या भंवरलालच्या खोलीकडे गेल्या. त्याला आदल्या दिवशीच आयसीयूतून बाहेर आणलं होतं. तो झोपला होता. संतोष त्याच्या पायाशी बसून बँडेजला धक्काही लागू नये इतक्या हलक्या हातानं चादर सरळ करत होती.

शालनताईंनी तिला सगळं सांगितलं. पावणेदोन, चार पाच, टोकन, थट्टा, काहीही गाळलं नाही. संतोष ऐकत राहिली. ती चिडेल, ओरडेल, याची त्यांनी तयारी ठेवली होती. कदाचित माफही करेल, असंही मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी होतं.

संतोषनं विचारलं, "आपको उसी दिन पता था?"

"हाँ."

"आप तो रोज़ आती थीं. चाय लाती थीं."

"हाँ," शालनताई पुन्हा म्हणाल्या.

"बारह दिन से मैं सोच रही हूँ कि मैंने मारा इनको," संतोष म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "डॉक्टर बोले देर कर दी. सास ने सबके सामने बोला, मेरे बेटे को तू खा गई. बारह दिन से मेरे हाथ का पानी नहीं पीतीं. चाय भी नहीं पी, क्योंकि प्याला मैं पकड़ाती थी."

तेव्हा शालनताईंना बाकावरची म्हातारी दिसली, फिरवलेल्या तोंडाची. उपास नव्हता तो. समितीपुढे चूक कबूल करून त्या हलक्या झाल्या होत्या, आणि इथे ही बाई बारा दिवस त्यांच्या डोळ्यांदेखत दोन जणांचं ओझं वाहत होती. जखम तीन दिवस घरात ठेवली, ती चूक तिचीच. पण उरलेलं तिचं नव्हतं, आणि ते उचलून घ्यायला एका वाक्याची गरज होती. ते वाक्य शालनताईंजवळ पहिल्या दिवसापासून होतं.

"मेरी गलती है," त्या म्हणाल्या. "मैं लिखके दूँगी. समिती का काग़ज़ दो-तीन दिन में आ जाएगा, फिर तुम्हारी सास को बिठाके..."

"वो बाहर बैठी हैं," संतोष म्हणाली. "अभी बोलो."

शालनताई बाहेर आल्या. बाकावर म्हातारी बसली होती, ओढणी कपाळापर्यंत ओढून. शालनताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, गुडघे दुखत होते तरी मांडी घालून, आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "माँजी, आपकी बहू जितनी देर से लाई, उसके बाद की सारी देर मेरी है."

म्हातारीनं हात सोडवून घेतला नाही. मग तिनं दाराकडे पाहिलं, तिथे संतोष उभी होती, आणि कोरड्या आवाजात तिनं आपल्या बोलीत सुनेकडे पाणी मागितलं, "पाणी ल्या."